सोबतीची जुळणी

पहिल्या वर्षाच्या पोरापोरींना पद्मजा मगदूम एकच गोष्ट घसा बसेपर्यंत सांगायची: चिपचा एकही पाय मोकळा सोडायचा नाही. वापरात नसेल तर ग्राउंडला जोडा, नाहीतर सप्लायला जोडा, पण हवेत लोंबकळत ठेवू नका. डिजिटल लॉजिकचा सगळा संसार शून्य आणि एक या दोघांवर चालतो. मोकळा पाय मात्र धड शून्य नसतो की धड एक नसतो. आजूबाजूला जे असेल ते तो उचलतो. पंख्याची गुणगुण, शेजारच्या वायरीतला वीजप्रवाह, हात जवळ नेला तर तुमचा हातसुद्धा. मग एखादा पोरगा रडवेल्या तोंडानं यायचा, "मॅडम, बोट लावलं की चालतंय, बोट काढलं की बंद पडतंय." पद्मजा त्याला सगळ्यांसमोर म्हणायची, "मग परीक्षेला बोट तिथंच ठेवून बस. पेपर दुसऱ्या हातानं लिही." वर्ग हसायचा आणि तो पोरगा पुन्हा कधी पाय मोकळा सोडायचा नाही.

सांगलीत हळदीच्या पेठेचा वास जिथवर येतो तिथं तिचं कॉलेज होतं. वीसेक वर्षं ती हा विषय शिकवत होती आणि तिला तो मनापासून आवडायचा. त्यात 'बहुतेक' नसतं, 'बघू' नसतं. नवरा सन्मती हसता-बोलता गेला, त्यानंतर तिच्या आयुष्यात 'बघू' फार झालं होतं. वर्गात तरी हो म्हणजे हो आणि नाही म्हणजे नाही.

यंदा प्रयोगशाळेत नवे किट आले आणि त्या हो-नाहीलाही तडा गेला. किटवरची चिप स्वतःची जुळणी स्वतः करणारी होती. चिपच्या पोटात गेट असतात, म्हणजे विजेची बारीक बारीक फाटकं: एखादं दोन्हीकडून 'एक' आला तरच उघडतं, एखादं कुठूनही आला तरी उघडतं. कोणतं फाटक कोणाला जोडायचं ते आजवर माणूस ठरवत आला. या चिपला फक्त प्रश्न आणि त्यांची बरोबर उत्तरं द्यायची. मग ती आंधळेपणानं जोडत सुटायची. चुकलं की मोड, थोडं जमलं की ठेव, त्यात जरा बदल कर, पुन्हा बघ. माणसाला जन्मभर पुरतील एवढे प्रयत्न ती कपातला चहा निवेपर्यंत करायची आणि बरोबर उत्तर देणारी एक जुळणी घेऊन बसायची. ती उत्तर कसं देते हे मात्र विचारायची सोय नव्हती, कारण ते कुणालाच ठाऊक नसायचं.

पोरं खूश होती, कारण वायरी लावायची कटकट गेली. पद्मजा या चिपला आधीपासून ओळखत होती. हिचीच आकारानं धाकटी बहीण चार वर्षांपासून तिच्या मुलीच्या डोक्यात होती.

तीर्थाला लहानपणापासून फिट यायची, आणि ती फक्त झोपेत. जागेपणी पोरगी झाडावर चढायची, विहिरीत उड्या मारायची, आणि डोळा लागला की अंग ताठ, दात घट्ट, श्वास अडकलेला. गोळ्यांनी दाद दिली नाही. अशा मुलांपैकी काही एखाद्या सकाळी उठतच नाहीत, हे पद्मजानं वाचलं होतं आणि वाचल्याचा तिला पश्चात्ताप झाला होता. शेवटी मिरजेच्या एका इस्पितळात उजव्या कानामागे ती चिप बसवली. मेंदूत फिटची लाट उठायला लागली की ती ओळखायची आणि उलटा बारीक झटका देऊन लाट तिथल्या तिथं बसवायची. प्रत्येकाचा मेंदू वेगळा, म्हणून चिपनं आपली जुळणी त्याच मेंदूत बसून शिकायची. शिकताना तिनं चुका केल्या, आणि तिची प्रत्येक चूक म्हणजे तीर्थाची एक फिट. ते दिवस पद्मजा आठवतसुद्धा नसे. त्यानंतर चार वर्षं एकही फिट आली नव्हती. आता तीर्थाला डेहराडूनला जंगलाच्या शिक्षणासाठी प्रवेश मिळाला होता आणि घरात बॅगा येऊन पडल्या होत्या.

असं सगळं सुरळीत असताना एका दुपारी संकेत खोत नावाचा विद्यार्थी प्रयोगशाळेत डोकं खाजवत पद्मजाकडे आला.

"मॅडम, आमचं किट येड्यागत करायलंय."

"म्हणजे?"

"काल बेरीज बरोबर येत होती. आज दोन आणि एक किती विचारलं तर सहा म्हणतंय. आणि सांगितलं तर तुम्ही हसशीला. रेहाना असली की बरोबर येतंय. ती गेली की बोंबलतंय."

वर्गात शिट्टी वाजली. रेहाना मुजावर ओढणी सावरत म्हणाली, "मी काय केलं गं बाई त्याला?"

पद्मजाही हसली. तिनं रेहानाला नेहमीच्या जागी बसायला सांगितलं. रेहाना बसली, आणि सवयीनं डावा हात किटच्या पत्र्याच्या कडेवर टेकवून वाकली. दोन आणि एक, तीन. पद्मजानं तिला हात उचलायला सांगितला. सहा. संकेतनं हात ठेवला. पाच. रेहानानं पुन्हा ठेवला. तीन.

पद्मजानं जुळणी पडद्यावर उघडली. सुताचा गुंता बरा म्हणावा असा प्रकार होता. पण त्या गुंत्यात एक गोष्ट तिला चटकन दिसली, कारण वीस वर्षं तिची नजर तेच शोधत आली होती. चिपनं ढीगभर पाय मोकळे सोडले होते. कुणाला न जोडलेले, हवेत लोंबकळणारे. चिपला कुठल्या मगदूम मॅडम शिकवायला नव्हत्या. तिनं फक्त काय चालतं ते पाहिलं होतं. एका मोकळ्या पायाला पद्मजानं स्कोपची, म्हणजे विजेची लाट दाखवणाऱ्या यंत्राची, तार लावली. पडद्यावर विजेची नेहमीची थरथर होती, आणि तिच्यावर स्वार होऊन एक बारीक उंचवटा पुन्हा पुन्हा येत होता. ठक. ठक. ठक.

"मॅडम, हे काय?" रेहानानं विचारलं.

"तुझी नाडी," पद्मजा म्हणाली.

मोजणाऱ्या प्रत्येक सर्किटला एक ठेका लागतो. कवायतीत शिट्टी वाजली की सगळ्यांनी एकदम पाऊल उचलावं, तसं ठेका पडला की सगळी फाटकं एकदम हलतात. किटवर त्यासाठी वेगळा स्फटिक होता. पण चिप शिकत असताना रेहानाचा हात कडेवर टेकलेला होता, आणि हृदयाची वीज तळहातापर्यंत येते. चिपला जवळच एक ठेका सापडला आणि तिनं तो धरला. दुसऱ्याचा ठेका वेगळा, त्याच्या हाताची वीज वेगळी. तो तिला चालत नव्हता.

"म्हणजे हे माझ्या काळजावर चालतंय?" रेहाना म्हणाली, आणि आता सगळा वर्ग ओरडायला लागला. संकेतनं कपाळाला हात लावला.

पद्मजाला त्यातलं काही ऐकू आलं नाही. तिला मिरजेची ती खोली दिसत होती, तीर्थाची खाट, आणि खाटेला लावलेलं लोखंडी स्टूल. चिप शिकत होती तेवढे सगळे दिवस ती त्या स्टुलावर बसून होती. मुलीचं मनगट हातात धरून.

ज्यांनी ही चिप बनवली त्यांच्या देशात पेशंट खोलीत एकटा झोपतो. आपल्याकडे कोण झोपू देतं? कुणीतरी खाटेखाली चटई टाकतं, कुणी पायाशी बसतं, घरून डबा येतो, आणि रात्रभर कुणाचा तरी हात पेशंटच्या अंगावर असतो. तसं केलं नाही तर शेजारच्या खाटेवाले नावं ठेवतात. घरी आल्यावरही पद्मजानं तो हात काढला नव्हता. चार वर्षं ती आणि तीर्था एकाच पलंगावर झोपत होत्या. नणंदेच्या घरचं लग्न तिनं सकाळी जाऊन संध्याकाळी परत येऊन केलं. पेपर तपासायला पुण्याला बोलावलं तर तब्येतीचं कारण सांगितलं. तिला वाटत होतं आपण उगाच घाबरतो, आणि तीर्थाही तिला हेच सांगत होती.

रविवारी दुपारी जेवण झाल्यावर तीर्था आडवी झाली. पद्मजा शेजारी बसली आणि नेहमीसारखं मनगट धरलं. "उकडतंय मम्मी, सोड की," तीर्था पुटपुटली आणि झोपली. पद्मजानं फोनवर चिपचा आलेख उघडला. रोज सकाळी ती तो बघायची आणि रोज तो सपाट असायचा. आताही सपाट होता. दर दोन-चार क्षणांनी एक लहानशी लाट उठायची आणि चिप ती दाबायची.

आपण काय करायला निघालो आहोत हे तिला कळत होतं. पोटच्या पोरीवर प्रयोग. तिनं एकेक बोट सोडवलं, हात उचलला आणि ती मागं सरकली.

लाट उठली. चिपनं झटका दिला, पण उशिरा. दुसरी लाट तिच्याहून मोठी होती आणि तिला झटका फार लवकर बसला. तिसऱ्या लाटेला चिपनं काहीच केलं नाही. तीर्थाचा ओठ एका बाजूला ओढला गेला. पद्मजानं झडप घालून मनगट धरलं, पण रेघ खाली येईना, ती आणखीच उसळली, आणि मग पद्मजाला समजलं की चिपला तिचा ठेका हवा आहे आणि तिचं काळीज तर रेल्वेसारखं धावतंय. तिनं डोळे मिटले. दीर्घ श्वास घेतला. सोडला. पुन्हा घेतला. घाबरायचं नाही, ती स्वतःला बजावत राहिली, घाबरायचं नाही, तू घाबरलीस तर ही मरेल. हळूहळू छाती शांत झाली तशी रेघही शांत झाली.

तीर्था चार वाजता जांभई देत उठली आणि तिनं पोहे मागितले. पद्मजानं अर्धा कांदा चिरून सुरी खाली ठेवली आणि मिरजेच्या इस्पितळात फोन लावला.

दुसऱ्या दिवशी ती डॉ. आवटींसमोर बसली होती. चिप त्यांनीच बसवली होती. तिचं बोलणं संपल्यावर ते बराच वेळ पेपरवेट फिरवत राहिले.

"मगदूम मॅडम, कुपवाडचे एक आजोबा होते," ते म्हणाले. "हीच चिप. गेल्या वर्षी त्यांची बायको वारली, आणि आठवडा झाला नाही तोवर हे झोपेत गेले. सगळं गाव म्हणालं, काय प्रेम बघा. मीही तेच म्हणालो." त्यांनी पेपरवेट बाजूला ठेवलं. "तसे आणखी किती असतील, देव जाणे."

"माझ्या नाडीचा ठेका रेकॉर्ड करून दिला तर? घड्याळासारखं काहीतरी मनगटावर बांधून?"

त्यांनी तेही करून पाहिलं. तीर्थाला तपासणी म्हणून इस्पितळात झोपवलं, हातावर पट्टा बांधला, पट्ट्यातून पद्मजाचा ठेका सोडला. चिपनं त्याला विचारलंही नाही. ठेक्याखेरीज ती आणखी काय काय उचलत होती, तळव्याचा घाम की हाताची ऊब की आणखी काही, हे त्या गुंत्यातून सोडवून काढणं कुणाच्या बापाला जमलं नसतं. पद्मजाला तर नाहीच जमलं, आणि ती शेवटी हात टेकून बसली.

"एक रस्ता आहे," डॉक्टर म्हणाले. "जुनी जुळणी पुसायची आणि चिपला पुन्हा शिकवायचं. या वेळी रोज वेगळी खोली, रोज वेगळं माणूस. म्हणजे ती कुणा एकाला धरणार नाही. पण शिकायचं म्हणजे तुम्हाला माहीत आहे."

"फिट येणार."

"तेव्हा ती तेरा वर्षांची होती, त्या फिट निराळ्या. आता अंगात ताकद आहे, लाटही मोठी येईल. मी धोका नाही म्हणणार नाही."

तीर्थाला सांगितलं तेव्हा ती बॅगेत कपडे भरत होती. ऐकून घेतलं, मग बॅगेवरच बसली.

"म्हणजे तू माझ्या डोक्यात आहेस," ती म्हणाली.

"असं नको गं बोलू."

"मग कसं बोलू? मी कुठंही गेले तर तुला घेऊन जायचं. लग्न झालं तर मध्ये तू झोपणार. आणि तू म्हातारी झाल्यावर? मम्मी, तू गेल्यावर?"

गेले तीन-चार दिवस पद्मजा दुसरा काही विचारच करत नव्हती. तिला स्वतःच्या खोकल्याची भीती वाटायला लागली होती. रस्ता ओलांडताना तिचे पाय अडखळत होते. कधी नव्हे ते तिनं रक्तदाब तपासून घेतला होता.

"मला पुसायचंय," तीर्था म्हणाली.

"डॉक्टर म्हणाले, धोका आहे."

"तो मला आहे ना? मग मी ठरवणार." ती बॅगेवरून उठली. "आणि तू तिथं यायचं नाहीस. तू आलीस की हात धरणार, तुला राहवतच नाही. बाहेर थांब. नाहीतर घरी थांब."

"मी बाहेर थांबेन."

जुनी जुळणी चिपमधून पुसायची असली तरी तिची प्रत फोनमध्ये ठेवायची पद्धत होती. मुलगी अजून अठराची नव्हती, त्यामुळे फोन पालकाच्या हातात. फोनवर एक बटण होतं. ते दाबलं आणि पद्मजानं मनगट धरलं, की सगळं पूर्ववत. मात्र जुनी जुळणी परत चढली की नवी आपल्या आलेखासकट तिच्याखाली गाडली जायची, ती काय शिकली होती याची खूणसुद्धा मागं उरायची नाही. तीर्थानं आईचा हात आपल्या डोक्यावर ठेवून घेतला.

"माझी शपथ घे. मी मरायला लागल्याशिवाय बटण दाबणार नाहीस."

"मरायला लागलीस हे मला कळणार कसं?"

"तुला कळतं मम्मी. तुला सगळं कळतं."

पद्मजानं शपथ घेतली.

इस्पितळात मग एक विचित्र राबता सुरू झाला. तीर्थाला दिवसाही झोपवायचे, म्हणजे चिपला लवकर शिकता यावं. आज वरच्या मजल्यावर, उद्या खालच्या, परवा रस्त्याकडेच्या खोलीत. आणि दर वेळी उशाशी नवं माणूस. एवढी माणसं आणायची कुठून? रेहानानं वर्गात उभं राहून विचारलं आणि निम्मा वर्ग तयार झाला. पहिल्या वर्षाची पोरं, ज्यांना अजून दोन गेटमधला फरक सांगताना घाम फुटायचा, ती पाळीपाळीनं येऊन मॅडमच्या मुलीचा हात धरून बसायला लागली. संकेतला पहिल्याच दिवशी भोवळ आली. पाणी पिऊन तो पुन्हा बसला.

सगळ्या जगाला तीर्थाजवळ जायची मुभा होती, एकट्या तिच्या आईला नव्हती. पद्मजा जिन्याजवळच्या बाकावर बसायची. दाराआडून खाट करकरायला लागली की तिला समजायचं. मग ती बाकाची कड धरून बसायची आणि फोनवरची रेघ उंच उंच जाताना बघायची. चिप चुकायची. पुन्हा चुकायची. फिट आपली आपण दमून थांबली की नर्स बाहेर येऊन मान हलवायची. पद्मजानं जेवण जवळजवळ सोडलं होतं. केस विंचरताना आरशात बघायचीही तिला इच्छा होत नव्हती. ज्या देवाला ती एरवी सणासुदीलाच नमस्कार करायची त्याच्याशी ती आता दिवसभर भांडत होती.

तरी चिप शिकत होती. लाटा दबू लागल्या. एक अख्खा दिवस फिटशिवाय गेला. डॉक्टरांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा हसू दिसलं, आणि तीर्था वॉर्डातल्या आयाबाईंना डेहराडूनच्या थंडीबद्दल विचारू लागली. पद्मजाच्या जिवात थोडा जीव आला. त्या दिवशी तिनं कॅन्टीनमध्ये बसून अख्खा वडापाव खाल्ला.

दुसऱ्या दिवशी दुपारी भेटायच्या वेळेला, सगळा व्हरांडा डबे आणि फळांच्या पिशव्या घेतलेल्या लोकांनी भरलेला असताना, आतून रेहाना ओरडली.

"मॅडम! मॅडम, या! हिला श्वासच येईना!"

पद्मजा गर्दीतून कशी गेली ते तिला नंतरही आठवलं नाही. दार ढकललं. तीर्थाची पाठ कमानीसारखी उचललेली होती. ओठ जांभळे पडत होते. रेहाना तिच्या खांद्याला धरून रडत होती. "नर्सला बोलवा कुणीतरी! डॉक्टरांना बोलवा!" बाहेर कुणीतरी पळालं. पद्मजाच्या हातात फोन होता. आलेखाची रेघ एवढी उंच तिनं कधीच पाहिली नव्हती. ती पडद्याच्या वर निघून गेली होती. खाली ते बटण.

तिनं अंगठा बटणावर नेला.

आणि रेघ वळली.

नवी जुळणी जागी झाली होती. पडद्यावर एक झटका उमटला, अगदी वेळेवर, मग दुसरा, आणि रेघ वरून खाली यायला लागली. घसरत नव्हती, दमून पडत नव्हती. कुणीतरी हात धरून जिना उतरवावा तशी पायरी पायरीनं उतरत होती. पद्मजानं ते स्पष्ट पाहिलं. वीस वर्षं असे आलेख बघितलेल्या बाईला ते न दिसणं शक्यच नव्हतं. रेहाना पोरीकडे बघत होती, दारातली माणसं पोरीकडे बघत होती. पडद्याकडे फक्त पद्मजा बघत होती.

तीर्थाचे ओठ अजून जांभळेच होते.

पद्मजानं बटण दाबलं. रेहानाचा हात झटकून तिनं मनगट धरलं आणि आयुष्यात कधी ठेवली नव्हती एवढी छाती शांत ठेवली. रेघ क्षणात सपाट झाली. तीर्थाची पाठ गादीवर टेकली. घशातून एक मोठा, ओला श्वास आत गेला. रेहाना भिंतीला टेकून खाली बसली आणि हुंदके द्यायला लागली. दारातल्या एका म्हातारीनं पद्मजाच्या पाठीवरून हात फिरवला. "आईच शेवटी. आईच्या हाताला यश असतंय बघा," ती म्हणाली.

डॉक्टर धावत आले. सगळं तपासलं, फोन बघितला, आणि खाटेच्या कडेवर बसले.

"बरं केलंत की घाई केलीत, मला सांगता येणार नाही," ते हळू आवाजात म्हणाले. "नवी जुळणी आता राहिली नाही. ती काय करत होती ते कळायला मार्ग नाही. तुम्ही इथं होतात. तुम्हाला काय दिसलं?"

"रेघ वर गेली होती," पद्मजा म्हणाली. हे खोटं नव्हतं.

"खाली येत नव्हती?"

तिनं नकारार्थी मान हलवली. डॉक्टरांनी उसासा सोडला. "मग ही चिप शिकेल असं मला वाटत नाही. पुन्हा पहिल्यापासून करायचं धाडस मी करणार नाही, मॅडम. असंच चालू द्या." ते उठले, रेहानाला घेऊन बाहेर गेले आणि दार लोटून घेतलं.

थोड्या वेळानं तीर्थानं डोळे उघडले. आधी तिनं छताकडे पाहिलं, मग आईकडे, मग आईच्या हाताकडे. तिला सगळं कळलं. डोळ्यांतून पाणी कानाकडे ओघळत राहिलं.

"मम्मी, खरं सांग," ती शेवटी म्हणाली. जीभ चावली गेल्यामुळे शब्द जड येत होते. "थांबली असती का? आपली आपण?"

सांगून टाकावं, पद्मजाच्या मनात आलं. हो म्हणावं. थांबत होती बाळा, थांबली होती, मीच घाबरले. मग ही पुन्हा पुसायला सांगेल, डॉक्टरांच्या पाया पडेल, आणि पुन्हा ते जांभळे ओठ. पुन्हा तो बाक. तिला ते सहन होणार नव्हतं. फोनवरची रेघ थरथरली. तीर्थाच्या करंगळीला बारीक उचकी लागल्यासारखं झालं. पद्मजानं सावकाश श्वास आत घेतला, सावकाश बाहेर सोडला, आणि छाती सरळ चालू लागल्यावरच बोलली.

"नाही गं. नसती थांबली."

तीर्थानं डोळे मिटले. मग तिनं दुसरा हात उचलून आईच्या हातावर ठेवला, लहानपणी ठेवायची तसा.

"मग बरं झालं तू होतीस," ती म्हणाली. "मी उगाच बोलले तुला तेव्हा. रागावू नकोस."

"नाही रागवत. झोप."

औषधाच्या गुंगीत तिला लगेच झोप लागली. व्हरांड्यातली भेटायची वेळ संपली होती, लोक डबे घेऊन जिना उतरत होते. पद्मजाच्या छातीत धडधडायला लागलं होतं आणि पडद्यावरची रेघ त्या धडधडीबरोबर उड्या मारत होती. शांत हो, ती स्वतःला सांगत होती, काही विचार करू नकोस, शांत हो. तिनं डोळे मिटून घेतले. मिटल्याबरोबर तिला ती उतरणारी रेघ दिसली, आपली आपण खाली येणारी, आणि तिच्या मुठीतल्या मनगटाला एक आचका बसला.